दादाच्या उंचीचं मशीन

दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ. जागा: निजामपुऱ्यातला आमचा गाळा. हजर: दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर लूम दुरुस्त करणारा जॉबर, वहिनी, त्याची बायको, बाजारात मासळी विकणारी, आणि मी, लूमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारी. बारा वाजता येणार: भंगारवाला.

तो आमचा बेल्ट ग्राइंडर न्यायला येणार होता. दादानं तो स्वतः बांधला होता. जुन्या लूमची मोटर, तीन पुल्या, अँगलचं स्टँड आणि वरून खाली धावणारा खरखरीत पट्टा. दसऱ्याचा झेंडू सुकून अजून मोटरला लटकत होता. आसपासच्या मासळीवाल्यांचे सुरे याच मशीनवर घडले. पण दादाचा खांदा गेला आणि त्यानं ठरवलं, आता हे विकायचं.

गेल्या रविवारी मी म्हटलं, मी चालवते. तो खोकला येईपर्यंत हसला.

"बायकांचं काम न्हाय ते."

"का? मोटर विचारते का, कोण चालवतंय?"

"बरं. एक सुरी कर. दोन्ही बाजूंचा उतार सारखा आला तर मशीन तुझं. नाहीतर भंगारात."

"आणि ती सुरी माझी," वहिनी म्हणाली. "सुरमईच्या काट्यावर घसरली, तर भंगारवाल्याला चहा मी पाजीन."

उतार म्हणजे पात्याच्या पाठीकडून धारेपर्यंत पोलाद पातळ होत जातं ती तिरकी बाजू. सुरी कापते ती या उतारामुळे. पातं मी आधीच कापून ठेवलं होतं, वखारीतल्या मोडक्या करवतीचं. गेल्या आठवडाभर दादाच्या शेजारी बसून वहीत कामांची यादीही केली होती. त्या यादीप्रमाणेच निघाले. धारेच्या कडेला निळा मार्कर फासला आणि खिळ्यानं मधोमध दोन बारीक रेघा ओढल्या. त्यांच्यामध्ये जेवढं पोलाद, तेवढीच धार जाड ठेवायची. मग झिजलेल्या पट्ट्यावर त्या कडेचे दोन्ही कोपरे तिरके मोडले. हे टाळलं तर काटकोनी कड नव्या पट्ट्याचे दाणे ओरबाडून काढते आणि पट्टा तासाभरात गुळगुळीत होतो. मग नवा, जाड दाण्याचा साठ नंबरचा पट्टा चढवला. चष्मा, मास्क, शेजारी पाण्याची बादली. हातमोजे नाहीत, कारण पातं तापल्याचं बोटांनाच आधी कळतं. निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरला, मग धार टिकत नाही.

दहा फेऱ्या उजवीकडून, बुडव. दहा डावीकडून, बुडव. वहीत प्रत्येक दहाला एक खूण. स्टोअरमध्ये आयुष्य गेलं, खुणा जुळल्या की माल जुळला, हे माझ्या हाडात भिनलेलं.

चाळीस-चाळीस झाल्यावर पातं उजेडात धरलं. उजवा उतार बोटभर रुंद, सपाट. डावा त्याच्या निम्मा, आणि धार जवळजवळ रेघेला भिडलेली. अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या तर रेघ खाल्ली गेली असती.

"वही बरोबर हाय," दादा म्हणाला, "पातं चुकलंय." त्यानं हात पुढे केला. "दे इकडं. एवढं मी सरळ करून देतो."

खांदा दुखणाऱ्या माणसानं पुढे केलेला तो हात. द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दिलं असतं तर सुरी झाली असती आणि मशीन गेलं असतं.

"हात मागे घे, दादा."

"अगं, बायकांच्या डाव्या हातात जोर नसतो."

"जोराचं मला सांगू नको. सुताच्या गोण्या कोण उचलतं स्टोअरमध्ये?"

वहिनी इतका वेळ दारात बसून बघत होती. ती म्हणाली, "वन्सं, जोर सोडा. तुमचं कोपर बघा. कोंबडीच्या पंखासारखं वर चाललंय."

खरंच होतं. कोपर बरगडीला टेकवून सगळं अंग हलवायचं, हे यादीत होतं. पण पट्टा माझ्या छातीशी येत होता. दादा सहा फुटी, स्टँड त्याच्या मापाचं. माझी कोपरं टेकणार कुठे? उजवा हात सवयीनं सांभाळून घेत होता, डावा पातं कलवत होता.

बॉबिनचा लाकडी खोका उपडा घातला आणि त्यावर चढले.

"पडशील," दादा म्हणाला.

"पडले तर उठेन."

कोपरं टेकली. आता मोजणं बंद. डावी बाजू पट्ट्याला लावली, अंगठ्याचा जोर धारेऐवजी पाठीकडे दिला. एक फेरी, नजर रेघेवर, बुडव. उतार पाठीकडे सरकू लागला. वहीत पहिल्यांदाच एका ओळीवर काट मारली आणि लिहिलं: फेऱ्या मोजू नयेत, रेघ बघावी.

भंगारवाला साडेअकरालाच उगवला. "बाजी, मोटर खोलूँ क्या?" त्यानं मला विचारलं.

"हात लावून तर बघ," मी खोक्यावरूनच म्हटलं. तो दादाकडे बघायला लागला, दादा माझ्या हाताकडे.

शेवटी बारीक पट्टा, मग दगडावर धार. वहिनीनं टोपलीतली सुरमई काढून फळीवर ठेवली आणि एका दाबात काट्यासकट तुकडा पाडला. दुसरा पाडला. भंगारवाल्याला म्हणाली, "भाई, चाय पी के जाओ. मशीन नहीं मिलेगा."

दादानं सुरी डोळ्यासमोर आडवी धरली, एकदा या बाजूनं, एकदा त्या. "मुठीकडं जरा जाड राहिलीय." एवढंच. शाबासकी त्यानं कुणालाच दिलेली मला आठवत नाही.

मशीन माझं झालं. पण डुगडुगत्या खोक्यावर रोज उभं राहायला मी वेडी नाही. स्टँडचे पाय वीतभर कापायचे, असं मी त्याच दिवशी सांगितलं. दादा एकदम म्हणाला, "पाय राहू दे. खांदा बरा झाला तर?"

मी मार्कर उचलला. चारही पायांवर निळ्या मार्करनं रेघ मारली. तिला आता तीन आठवडे झाले. कापायची करवत दादाच्या पेटीत आहे, पेटीची चावी त्याच्या खिशात. दर रविवारी मी मागते, तो नाही म्हणतो.

यादीत शेवटची ओळ तशीच आहे: स्टँडचे पाय कापणे. बाकी.