पासबाईची पांढरी कड

त्या स्टिकरच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी मशीनचा खडखडाट ऐकू यायचा आणि मग एक बारीक आवाज, "पास." म्हणून तिचं नावच पासबाई पडलं. नवरा छापायचा, ती तपासायची. क्यूआर कोड नीट स्कॅन होतो की नाही, हे ती स्वतःच्याच फोनवर बघायची. त्याच्या काचेला तडे, कॅमेऱ्यावर चरा. नवऱ्याने तो दोनदा भिंतीवर आपटला होता, एकदा तिच्या खांद्यावर. "हिच्या डबड्यात उघडलं म्हणजे कुणाच्याही फोनमध्ये उघडणार," असं हा गृहस्थ गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा. गिऱ्हाईकंही हसायची. लाज म्हणून नव्हती मेल्याला!

सुरुवातीला कोडही नवराच बनवायचा. कुठलीतरी फुकट साईट गाठायची, गुलाबी रंग द्यायचा, मधोमध चित्र चिकटवायचं, झालं काम. जिमवाल्याला असे दोनशे स्टिकर दिले. पंधराव्या दिवशी जिमवाला दुकानात शिरला तो थेट गचांडीच धरायला. कोड स्कॅन केला की व्यायामाच्या वेळा दिसायच्या तिथे 'मुदत संपली' अशी पाटी येत होती. त्याने ह्याला काउंटरवरून ओढून काढलं, दोन दात हलवले आणि निघून गेला. मग ह्याने शटर अर्धं खाली घेतलं आणि सगळा राग बायकोवर काढला. हातात मापाची पट्टी होती, लोखंडी. शेजारच्या चाव्यावाल्याने आपलं मशीन सुरू केलं. ओरडणं ऐकू येऊ लागलं की तो तेच करायचा.

सुजलेला डोळा घेऊन ती आठवडाभर फोनवर वाचत बसली. त्या साईटचा कोड आधी साईटकडेच जातो आणि मग पुढे, हे तिला कळलं. मधल्याने दार लावलं की सगळंच ठप्प. तेच, नंबर किंवा पत्ता थेट कोडमध्ये भरला तर कोड फुकटात बनतो आणि त्याला मुदतही नसते. रंग काळा, मागे पांढरं, चकाकी नको, चित्र नको. आणि चारही बाजूंनी पांढरी कड सोडायची, कोडातल्या चार बारक्या चौकोनांएवढी. ती छाटली की कोड कुठे सुरू होतो तेच कॅमेऱ्याला कळेनासं होतं. तेव्हापासून कोड पासबाई बनवायची आणि शाबासकी तो घ्यायचा.

मग एक दिवस एक वकीलबाई आल्या. बसस्थानकात, दवाखान्यात, बायकांच्या संडासात लावायला त्यांना स्टिकर हवे होते. वर लिहायचं, 'हात असे धुवा'. कोडमध्ये मात्र नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी मदतीचा नंबर.

"उघड नंबर लावला तर लोक फाडून टाकतात," त्या म्हणाल्या. "फोनमध्ये साठवला तर नवऱ्याला सापडतो. हा स्कॅन केला की लगेच फोन लागला पाहिजे. नवरा दाराबाहेर उभा असतो हो. तिच्या हातात जेमतेम अर्धा मिनिट."

"हात थरथरत असतील ना त्यांचे?" पासबाईने विचारलं.

वकीलबाईंनी तिच्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळाकडे पाहिलं आणि नुसतं "हो" म्हणाल्या.

पासबाईने कोड तळहाताएवढा केला. दिवा मालवून तपासला, फोन मुद्दाम हलवत तपासला, कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब सोडून तपासला. दरवेळी पास. इतका जीव ओतून तिने आजवर काही केलं नव्हतं.

दुपारी नवऱ्याने तिची शीट उचलली. "एवढी कोरी जागा कुणाच्या बापासाठी सोडलीस?" म्हणाला, आणि कोड एकमेकांना खेटवून नवी शीट छापली. त्यातला एक कडेकडेने कापून काळ्या काउंटरवर टाकला. "तपास."

तिने फोन धरला. फोनने कोड घेतला नाही. पुन्हा धरला. नाहीच.

"नापास."

"पांढऱ्या भिंतीवर घेईल."

"संडासातल्या भिंतींच्या फरशा काळपट असतात, अहो. कड राहू द्या. त्या बाईला पुन्हा संधी मिळायची नाही."

लग्नानंतर एवढं एका दमात ती पहिल्यांदाच बोलली असेल. त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला. डोकं रॅकवर आदळलं, ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. शेजारी चाव्यावाल्याचं मशीन सुरू झालं. ती पुन्हा म्हणाली, "नापास."

मग मात्र तो पिसाळला. तिचा डावा हात खेचून त्याने कागद कापायच्या मशीनमध्ये घातला. गठ्ठा हलू नये म्हणून वरून लोखंडी दाब खाली येतो, त्याच्या बरोब्बर खाली. आणि चाक फिरवलं.

"म्हण पास!"

"नाही म्हणणार."

त्याने आणखी अर्धा फेरा दिला. बोटांत काहीतरी कडकन मोडलं. ती किंचाळली तशी चाव्यावाल्याने मशीन आणखी रेटलं. दाबामागे पातं वर टांगलेलं होतं, आणि नवऱ्याचा दुसरा हात त्याच्या दांड्यावर होता.

"शेवटचं विचारतोय!"

तिची पहिली शीट मशीनच्या फळीवरच पडलेली होती, रुंद पांढऱ्या कडेची. फोन अजून उजव्या मुठीत होता. हात असा लटपटत होता की डोळ्यांना धड काही दिसेना, पण तिने फोन शीटवर धरला. एका क्षणात नंबर उमटला. तिने अंगठ्याने दाबला. त्या फोनचा कानाकडचा आवाज कधीच गेलेला, म्हणून जे काही ऐकू यायचं ते स्पीकरवर, मोठ्यानेच.

"बोला ताई, ऐकतेय मी," दुकानभर एका बाईचा आवाज घुमला.

नवऱ्याचा दांड्यावरचा हात जागच्या जागी थिजला.

"माझा डावा हात कटिंग मशीनमध्ये आहे," पासबाई म्हणाली. "नवऱ्याने घातलाय. तो इथेच उभा आहे, ऐकतोय. पत्ता लिहून घ्या."