सगळ्यांच्या मधली खुर्ची

"टाळ्या तुला आणि घसा माझा!"

"ताई, घशाचा इथे काय संबंध?"

"व्यासपीठावर काय म्हणालीस? 'सगळ्यांच्या मध्ये एक समन्वयक बसवला.' बावीस वर्षं मध्ये कोण बसलंय गं? मीच ना?"

रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत बहिणी-बहिणींची जुंपली होती. थोरली इथली ऑपरेटर. लॅब, औषधखोली, वॉर्ड, सगळ्यांचे निरोप तिच्या कानातून जायचे. फोन ठेवण्याआधी ती बड्या डॉक्टरांनाही दटावायची, "काय सांगितलं मी? म्हणून दाखवा!" पाठीमागे सगळे तिला पाढेवाली बाई म्हणत. तिचा निरोप मात्र कधी चुकला नाही.

धाकटीने त्याच रुग्णालयासाठी एआय एजंट, म्हणजे आपापलं काम स्वतःच करणारे प्रोग्रॅम, तयार केले होते. कुणी खाटा बघणारा, कुणी औषधं. तिचं कौतुक ऐकून थोरलीचा जीव नुसता जळत होता.

"तो समन्वयक काढला मी," धाकटी म्हणाली. "पाच एजंट होते तेव्हा सगळे सगळ्यांशी बोलायचे. चाळीस झाले आणि नुसता कालवा. म्हणून एक मध्ये बसवला, तर तो तुंबला. आता गट केलेत, प्रत्येक गटाला एक म्होरक्या."

"म्हणजे खुर्चीच काढलीस! मग आता माझ्याकडे कशाला आलीस?"

"चाचणीत निरोप गळतायत. 'सात नंबरच्या पेशंटला पाणी देऊ नका' असं निघतं. मधले दोन म्होरके ते आटवून छोटं करतात, आणि पोचतं नुसतं 'पेशंटला पाणी नको.' कुठल्या, ते गेलं! तुझा एकही निरोप गळत नाही. काय करतेस तू?"

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. हेही घेऊन जाईल आणि टाळ्या मिळवेल!

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचा फोन. तिने निरोप ऐकला, चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डाला फोन लावला. "सिस्टर, बारा नंबरला आता काही खायला देऊ नका. लगेच आत घेतायत. काय सांगि..."

धाकटी कान टवकारून ऐकत होती.

थोरलीने फोन ठेवून दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणवून न घेता.

"काय विचारत होतीस त्यांना?" धाकटी पुढे सरकली. "ताई, तेच सांग ना! काय म्हणायचीस शेवटी?"

थोरलीने पुन्हा चौथा मजला लावला. लाइन व्यस्त. परत लावला. व्यस्तच. घड्याळात वॉर्डातल्या जेवणाच्या गाडीची वेळ झाली होती.

तिने हेडफोन उतरवला, टेबलावर टाकला, आणि बहिणीला ओलांडून चौथ्या मजल्याच्या जिन्याकडे निघाली.

"ताई? अगं, सांग तरी!"