हॉर्न बंद, मुठी गरम

संगमनेरच्या पलीकडे, अकोल्यापुढच्या डोंगरातल्या एका शाळेत मला मुलाखतीला सकाळी अकराला पोचायचं होतं. ही नव्वदीच्या शेवटची गोष्ट. आता मी पन्नाशीला आलोय. बी.एड. होऊन दोन वर्षं घरीच होतो आणि त्या दोन वर्षांतलं हे एकच बोलावणं आलेलं. सोनईहून दोनदा एसटी बदलावी लागे. मामा म्हणाले, "एसटीच्या नादी लागू नको. माझ्या फटफटीला आता गरम मुठी हायेत."

या मुठी मामांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणल्या होत्या. हँडलवर डाव्या हाताला, हॉर्नच्या बटणाशेजारी एक खटका होता. तो दाबला की मूठ ताज्या भाकरीसारखी ऊबदार व्हायची. बसवणाऱ्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "बॅटरी ल्हान हाय. मुठी चालू असल्या तर हॉर्न वाजायचा न्हाई."

तांबडं फुटताना निघालो. पौषातली थंडी होती. अडचण एकच: रस्त्यात देऊळ दिसलं की मामा हॉर्न वाजवून नमस्कार घालत. मग खटका बंद, हॉर्न, खटका चालू. मारुती, खंडोबा, म्हसोबा, पुन्हा मारुती. राहुरीपर्यंत मुठी धड तापल्याच नाहीत. मी मागे काखेत हात घालून प्रत्येक देवाला तीच एक नोकरी मागत होतो.

संगमनेरला चहा-भजी खाल्ली. तुम्ही या वाटेनं गेलात तर इथंच पोट भरून घ्या, पुढं बराच वेळ काही मिळत नाही. मामांनी गाडी चालूच ठेवली आणि खटकाही. "धरून बघा," असं त्यांनी एका म्हाताऱ्याला सांगितलं आणि शेकोटीला जमतात तशी माणसं हँडलभोवती जमली. दोन हात डावीकडे, दोन उजवीकडे.

"लई ब्येस! धूर न्हाई, काटक्या न्हाईत," म्हातारा म्हणाला आणि मूठ सोडायला तयार होईना.

"बाबा, आमाला बी शेकू द्या की!" मागचा ओरडला.

मामांना कुणालाच नाही म्हणवेना. अर्धा तास गेला.

अकोलं मागं पडलं. घाटाच्या पायथ्याला देऊळ आलं, मामांनी बटण दाबलं आणि मांजराच्या पिलासारखा एक आवाज निघाला. मग तोही नाही. किक मारून गाडी चालत होती, पण बॅटरी शेकोटीत गेली होती. पुढं आंधळी वळणं, समोरून जीप आणि उसाच्या गाड्या.

"मामा, ओरडा आता."

"माझ्या तोंडाला मफलर हाय. तू मागं कशाला बसलाय?"

मग प्रत्येक वळणावर मी ओरडलो, "होऽऽ, गाडी आलीऽऽ!" मधे देऊळ आलं की देवाच्या नावानं वेगळी आरोळी. एका जीपवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय इकताय, पाव्हणं?"

"मास्तर हाय! घेता का?" मामा म्हणाले.

अकराला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. मुख्याध्यापकांनी नाव विचारलं. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली.

"त्याचं नाव..." मामा सुरू झाले.

"मुलाखत तुमची आहे की यांची?"

मी घशाकडे बोट दाखवलं. त्यांनी मला पाचवीच्या वर्गात ढकललं. "पाठ घ्या. बघू."

मी फळ्यावर अपूर्णांक लिहिले आणि जेमतेम कुजबुजलो. ऐकू यावं म्हणून मुलं पुढं सरकली. एका मुलीनं उत्तर दिलं, तेही कुजबुजून. मग सगळा वर्गच कुजबुजत गणितं सोडवू लागला. शेजारचा वर्ग मात्र बाजारासारखा गाजत होता. मुख्याध्यापक दारातून दोनदा डोकावले.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "घसा बरा झाला तरी असंच शिकवा."

परतीला घाटात ओरडायची पाळी मामांची होती. मफलर सोडून ते सोनईपर्यंत एकेका देवाला माझी नेमणूक कळवत आले. मुठी त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून माळ्यावर टाकल्या.

मी अजून तिथंच शिकवतो आणि वर्गात हळूच बोलतो. देवापुढंही मी हळूच बोलतो. त्या दिवशी घाटात माझं त्याला पुरेसं ऐकून झालंय.