येशूला लावलेला कौल

आम्ही रत्नागिरी सोडली त्या सकाळी आम्हांला बोटीवर पोचवायला बाबाच होते. दुसरं कोण असणार? मांडवीच्या धक्क्यावरून बाहेर उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत उतारू नेणाऱ्या पडावाचे ते तांडेल. आम्हा नवराबायकोला बाप्तिस्मा घेऊन दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. पडावातही बोलले नाहीत. माझ्या शेजारी पावसची एक म्हातारी बसली होती, तिला म्हणाले, "तिला सांगा, ट्रंक मधी ठेव म्हनावं. कडंला पानी लागंल." म्हातारीनं मला सांगितलं. मी ट्रंक सरकवली आणि म्हातारीला म्हटलं, "त्यांना सांगा, ठेवली." हाताच्या अंतरावर आम्ही बापलेक, आणि मधे ती बिचारी निरोप्या. मला तेव्हा हसू आलं होतं. रडू बोटीवर चढल्यावर आलं, ते जयगड मागे पडेपर्यंत थांबलं नाही.

सुंदरे, हे तुला ठाऊक आहे, तू धक्क्यावर उभी होतीस. तरी लिहिते, कारण तुझ्या पत्राचं उत्तर एका ओळीत देता येईना. (तुला हे वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना विनंती, मधलं गाळू नका. तुमची सवय मला माहीत आहे.) तू कळवलंस की बाबांचे पाय गेले, अंथरुणाला खिळलेत, फार दिवस काढतील असं वाटत नाही. आपला अण्णा म्हणतो, ये, पण शुद्ध होऊन ये. भटजी तयार आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. नाहीतर उंबरा ओलांडायचा नाही. आणि खाली तू आपल्या मनाचं घातलंस : "ताय, त्या देवानं तुला काय दिलं? नवरासुदीक ठेवला नाय. मग कशाला धरून बसलीस गो?"

प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

खरं सांगायचं तर बाप्तिस्म्याच्या वेळी मला काही उजेडबिजेड दिसला नव्हता. हे मिशनच्या शाळेत शिकले, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाले, मी ख्रिस्ती होतोय. नवरा ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं बायको, एवढंच माझं धर्मज्ञान. मग विहिरीवरून घागर रिकामी परत येऊ लागली, वाट्याची मासळी बंद झाली, आणि मुंबईच्या एका छापखान्यात ह्यांना जागा मिळाली तशी आम्ही निघालो.

इथं मुंबईत आमच्या ख्रिस्ती देवळाच्या मागच्या चाळीत एक खोली मिळाली. देवळाच्या मंडळीतले लोक सगळे घाटावरचे, नगरकडचे. मनानं चांगले, पण मी "गो" म्हटलं की पोरी तोंडाला पदर लावत. समोरच्या चाळीत आपल्या बाजूची तीन बिऱ्हाडं होती. संध्याकाळी तिकडून सुकट भाजल्याचा वास येई, आणि आपली बोली कानावर पडे. ती ऐकायला मी उगाच नळावर रेंगाळत असे. मी आले की बायका आपल्या कळश्या उचलून बाजूला ठेवत. ज्यांची बोली माझी, ते माझ्या हातचं पाणी पीत नव्हते. आपल्यापैकी जे गाव सोडून कुठे कुठे गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी ह्यांना विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, दूध आणि पाणी, बाकी पोटात काही जाता कामा नये. उठवू नका, बसवू नका, एकवीस दिवस वाट बघा. औषध काय, विचारलं, तर म्हणाले औषध हेच. वाट बघणं मला कधी जमलंय? मी दिवसातून तीनदा फरशी पुसायची. पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला सांगितलं, तर ती इतक्या मोठ्यानं करायची की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. उपास धरले. ह्यांना बरं वाटलं तर जन्मात मासा खाणार नाही असा नवस बोलले. आपल्या घरातल्या पोरीनं! देवानंच घाबरावं असा नवस.

तेराव्या दिवशी दुपारी ह्यांनी मला ओळखलं नाही. माझा धीरच सुटला. आपल्याकडे असं झालं की माणूस काय करतो? देवळात जाऊन कौल लावतो. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी अंगणातल्या तगरीची फुलं आणली. ह्यांनी भिंतीवर टांगलेल्या लाकडी क्रुसाला दोन पाकळ्या लावल्या. आता सांगायची लाज वाटते, पण उजवी लावली नुसत्या पाण्यानं आणि डावी लावली पेजेनं. घट्ट बसावी, पडू नये म्हणून. मग हात जोडून गुरवाच्या तालात गाऱ्हाणं घातलं, "बा येशू म्हाराजा, ह्या मानसावर जो काय वाकडा आला असंल तो दूर कर, नि उजवा दे."

उजवी पडली नाही. डावी तर पडणारच नव्हती. मी समोर बसून राहिले. विचारायचं ते विचारून झालं होतं, नवस संपले होते, लबाडीसुद्धा करून झाली होती. तासभर गेला असेल. माझ्या लक्षात आलं की माझे हात मांडीवर आहेत. तेरा दिवसांत पहिल्यांदा मी काही करत नव्हते. ह्यांचा श्वास ऐकू येत होता, खाली कोणी तिखट कांडत होतं. मला कोणी दिसलं नाही, आवाज आला नाही. तसं सांगितलं तर खोटं होईल. एवढंच कळलं की त्या खोलीत हे सगळं उचलणारी मी एकटी नाही. इतकी शांत मी माहेरीसुद्धा कधी बसले नव्हते.

तेवढ्यात रूथबाई आल्या. मिशनतर्फे घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, नगरकडच्या. त्यांनी क्रुसाकडे पाहिलं. मी चोरासारखी उभी. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बोटानं डावी पाकळी चाचपली.

"आन् हिला काय लावलंस?"

"पेज."

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग माझ्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "सारकं सारकं इचारू नको गं त्याला. त्यो काय उठून चाललाय व्हय? बस की तू बी." संध्याकाळपर्यंत त्या बसून होत्या. प्रार्थना केली असेल तर मनात केली.

त्यानंतर सहा दिवस मी नुसती बसले. कपाळावर ओली पट्टी, चमच्यानं दूध, आणि बसणं. दोनदा ह्यांनी मला ओळखलं. एकदा म्हणाले, "आज तू गप्प कशी?" एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते गेले. पाकळ्या कधी पडल्या कोण जाणे, केरात गेल्या असतील.

तेव्हा तुझं म्हणणं खरं आहे सुंदरे, त्यानं नवरा ठेवला नाही. मी पुष्कळ दिवस देवाशी अबोला धरला. अबोला आपल्या घराण्यात मुरलेलाच आहे. पण अबोला धरायलाही समोर कोणी असावं लागतं, आणि तो समोर होता. आता मी हॉस्पिटलात आया आहे. दिवसभर माणसांत असते. रविवारी उपासनेहून येऊन कुलूप काढलं की एकटेपणा तसाच अंगावर येतो. देव मानला म्हणून तो सुटत नाही, कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण त्या दुपारी खोलीत जो होता, तो अजून आहे. त्याला दाराबाहेर उभा करून मी आत कशी येऊ?

म्हणून अण्णाला सांग, भटजींना बोलावू नको. मी येते आहे. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, पुढल्या आठवड्यातच येते. उंबरा ओलांडणार नाही. माझं ताट-तांब्या माझ्याबरोबर असेल. बाबांचं अंथरूण पडवीत आहे म्हणालीस, तर मी बाहेर अंगणातल्या खळ्यात, पडवीच्या गजांसमोर बसेन, ऊन आलं तर सरकेन. मुंबईत कोणी विचारलं, घर कुठे, तर मी अजून रत्नागिरीच सांगते. पण आत शिरायचं घर आता मला राहिलं नाही हे मला कळतं. जिथून बाबांचा खोकला ऐकू येईल तेवढं घर मला पुरे.

त्यांना आधी सांगून ठेवू नकोस. मला बघून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं तर करू देत, तू मधे पडू नकोस. पाठ तरी बाबांचीच असेल ना गो.