वेलीसाठी केलेला खांब

"या कड्या कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कमरेवर हात ठेवून कौतुकाने खांबाकडे बघत होते. डिंगोऱ्यातल्या त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये, माझ्या शेडमधून आलेला साडेनऊ फुटी स्टेनलेस स्टीलचा खांब भिंतीला टेकवून उभा होता. खालपासून वरपर्यंत, फुटाफुटावर एक, अशा आठ कड्या, आणि छताला-फरशीला बसवायला दोन्ही टोकांना एकेक लोखंडी प्लेट. आरशासारखं पॉलिश.

"शोभेला," मी म्हणाले. "नुसता पाईप बोडका दिसतो."

"काकू, मला बोडकाच पाहिजे होता. चिठ्ठीत लिहिलं होतं मी."

लिहिलं होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. 'बाहेरचा व्यास ४५ मिलीमीटर, एकदम प्लेन, वर काहीही नको.' 'काहीही नको' खाली दोन रेघा ओढलेल्या. मी ती वाचली होती आणि मनात म्हटलं होतं, गिऱ्हाईकाला काय कळतंय.

त्या वेळची मी कशी होते ते आधी सांगते. दोन हजार आठ-नऊचा सुमार. वय पंचेचाळीस, वजन चौऱ्याहत्तर, साडीवर पुरुषी शर्ट, आणि वेल्डिंगचा काळा चष्मा विनाकारण डोक्यावर. जुन्नरमधलं फॅब्रिकेशनचं शेड वडिलांचं होतं, ते मी चालवत होते. खिडक्यांचे ग्रिल, गेट, जिन्याचे रेलिंग, ट्रॉलीची दुरुस्ती. घोडेगावच्या एका मंगल कार्यालयाच्या गेटवर मी मोर बसवला होता. मोर जमला, आणि तेव्हापासून मला साधी वस्तू साधी ठेवणं जमेनासं झालं. लोक दार मागायचे, मी कमळ घालून द्यायचे.

डॉक्टर म्हणजे मेघना, दातांच्या डॉक्टर. दवाखाना जुन्नरला, सासर डिंगोऱ्याला. लग्नाआधी दोन वर्षं बंगळूरला होत्या, तिथे हा छंद लागला. उभ्या खांबावर चढायचं, पायांनी धरून उलटं लटकायचं, गिरक्या घ्यायच्या, सगळं गाण्याच्या तालावर. पोल डान्स. इकडे आल्यावर दर दुसऱ्या रविवारी एसटीने पुण्याला जायच्या. तिथल्या एक मॅडम शिकवायच्या. जाऊन-येऊन सहा-सात तास प्रवास आणि दीड तास नाच.

हे सगळं त्यांनी ऑर्डर देतानाच मला सांगितलं होतं. न लाजता, सरळ. फोटोही दाखवले. मी मान हलवून "अच्छा, व्यायामाचं आहे" म्हणाले. मी तसला खांब फक्त हिंदी सिनेमात, व्हिलनच्या अड्ड्यावर पाहिला होता. डॉक्टर गेल्यावर सलीमभाईंनी विचारलं, "ताई, कशाचं काम आहे?"

सलीमभाई आमचे वेल्डर. वडिलांच्या हाताखाली लागले तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. त्यांच्यासमोर 'पोल डान्स' हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

"मनीप्लांट चढवायचाय," मी म्हणाले.

झालं. भल्या माणसाने विचार केला, गुळगुळीत स्टीलवर वेल धरणार कशी? म्हणून त्यांनी फुटाफुटावर कडी बसवली. मी आले, कड्या पाहिल्या, आणि चिठ्ठी आठवण्याऐवजी म्हणाले, "वा, उठून दिसतंय."

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. खांबाला कपडा धरत नाही, कातडी धरते. मांडी, पोटरी, काख. म्हणून तोकडे कपडे, आणि म्हणून खांब वरपासून खालपर्यंत सपाट. कडी मांडीखाली आली तर साल निघेल. रविवारी पुण्याच्या मॅडम आणि सहाजणी डिंगोऱ्याला येणार होत्या, दिवसभराचं वर्कशॉप घ्यायला. आज गुरुवार होता.

दारात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. हा हॉल खरं तर सोयाबीनच्या पोत्यांसाठी बांधलेला. सुनेने महिनाभर मनधरणी करून एक रविवार मिळवला होता, आणि अट आक्कांनी माझ्यासमोर पुन्हा ऐकवली.

"एक ऐतवार करून दाव. कुणी पडलं-झडलं, तर सोमवारी पोती वर. मंग नाचायचं नाव न्हाई काढायचं."

 मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कड्या काढते, ग्राइंडर मारते, पुन्हा बफ करते. बफ करणं म्हणजे कापडी चाकावर घासून चकाकी आणणं. उद्या संध्याकाळी खांब इथे उभा. माझी बोलायची पद्धतच तशी होती, अर्धा तालुका मी एकटीने वेल्ड केल्यासारखी.

सलीमभाई खाली टेंपोपाशी थांबले होते, त्यांना कड्या काढायच्यात एवढंच सांगून खांब परत टेंपोत घातला. ते चालवत होते, मी शेजारी. डिंगोरं मागे पडल्यावर म्हणाले, "कड्या काढल्यावर वेल चढंल कशी, ताई?"

"वेल नाहीये."

"मग?"

"बाई आहे."

त्यांनी वळून बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर चढणार, उलट्या लटकणार, गोल फिरणार. नाच आहे. शिवाय पुण्याहून आणखी सहाजणी येणार.

सलीमभाईंनी टेंपो रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता हसतील किंवा चिडतील. त्यांना नाचाचं काहीच नव्हतं.

"ताई, खालच्या प्लेटीला मी नुस्ते टाके मारलेत."

टाका म्हणजे काय, ते सांगते. दोन तुकडे जोडताना पूर्ण वेल्डिंग करायच्या आधी आम्ही ठिकठिकाणी थेंब टाकून ते जागेवर धरतो, शिंपी कच्ची शिवण घालतो तसं. सगळीकडून शिवण ओढली की जोड पक्का. वेलीच्या खांबाला तेवढ्याची गरज नव्हती. पाईपही त्यांनी अठरा गेजचा घेतला होता. गेजचं गणित उलटं असतं, आकडा मोठा तेवढी धातूची जाडी कमी. अठरा गेज म्हणजे उचलायला हलका, वेलीला भरपूर.

"माणूस लटकायचा म्हणला असता, तर मी असा बनवलाच नसता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला तो वडिलांचा वाटला. "चार थेंबांवर पोरगी उलटी टांगली असती तुम्ही."

 डॉक्टर जरा भिडस्त असत्या, त्यांनी 'असू दे कड्या' म्हणत चालवून घेतलं असतं, तर त्याच दुपारी आम्ही खांब बसवून आलो असतो. माझी आवड वाईट होती म्हणून ती बाई वाचली. इतका उपयोग माझ्या सौंदर्यदृष्टीचा आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.

शेडवर येऊन भोसरीच्या स्टील व्यापाऱ्याला फोन लावला. कुणी उचलेना. गुरुवार, तिकडची साप्ताहिक सुट्टी. मग डॉक्टरांना फोन केला. नुसतं 'पाईप बदलते' म्हणता आलं असतं. सलीमभाई समोर स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते, म्हणून खरं सांगितलं.

"तो खांब माणसासाठी केलेलाच नव्हता. नवा करते."

"मग कशासाठी केला होता?"

"मनीप्लांटसाठी."

त्या हसल्या. बराच वेळ. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हाला माझी लाज वाटली का?"

मी म्हणाले, तुमची नाही हो, आमच्या माणसांसमोर कसं सांगायचं म्हणून. समोरचं माणूस डोळे मिचकावून तंबाखू मळत होतं. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "रविवारपर्यंत होईल ना? मला दुसरा रविवार मिळणार नाही."

शुक्रवारी पहिल्या गाडीने भोसरी. ४५ मिलीमीटरचा पाईप बाजारात नेमका मिळत नाही. पावणेदोन इंची मिळतो, तो साडेचव्वेचाळीसच्या आसपास भरतो. अर्धा मिलीमीटर चालेल का, हे दुकानातूनच डॉक्टरांना विचारलं. विचारायची सवय एका दिवसात लागली होती. चालेल म्हणाल्या. चौदा गेजचा घेतला, जवळजवळ दोन मिलीमीटर जाड. दोन्ही टोकं तपासली, पोटात वाक नाही ना, हे जमिनीवर लोळवून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रेलिंगलाच लावायचाय ना?" मी सांगितलं, नाचायचाय. त्याने बिलावर रेलिंगच लिहिलं.

परतीला दहा फुटी पाईप एसटीच्या टपावर बांधला. कंडक्टरने विचारलं, नळाचं काम का? नाही, म्हटलं, यावर बाया उलट्या लटकून नाचतात. तो बरं बरं म्हणाला आणि पुढच्या सीटवर गेला. मंचरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, त्यांनाही खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पिशवीतलं केळं दिलं. मनीप्लांटवर मात्र सलीमभाईंनी लगेच विश्वास ठेवला होता.

शनिवारी सकाळी सलीमभाईंनी दोन्ही प्लेटींना चौफेर शिवण ओढली. मध्ये मी एकदाच तोंड उघडलं, "वरच्या प्लेटीला छोटंसं कमळ..." त्यांनी डोळ्यांसमोरची वेल्डिंगची काच वर करून बघितलं. मी बफचं चाक लावायला घेतलं.

दुपारी डिंगोऱ्याला गेलो. वरची प्लेट नुसत्या स्लॅबला धरायची नव्हती, बीमला धरायची होती. बीम म्हणजे स्लॅबखालची ती जाड तुळई, जिच्यावर खरा भार असतो. ओळंबा सोडून खालची जागा काढली. वर चार, खाली चार अँकर बोल्ट. हे भोकात शिरले की आत फुगून काँक्रीटला धरून बसतात. मग सलीमभाईंनी दोन्ही प्लेटींच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली. प्लेट केसभर सरकली तरी रेघ चुकते.

भार पेलतो का बघायला आधी खांबाला पोतं बांधलं. आक्कांनी कांद्याचं दिलं, "निवडलेला हाय, सांडू नका," असं बजावून. मग दुसरं. खांब गप्प. रेघा जागेवर. मला वाटलं संपलं काम.

"पोतं गप लटकतं, ताई," सलीमभाई म्हणाले. "माणूस झोके घेतो."

डॉक्टर पुढे आल्या, मी करते म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं. चार थेंब माझ्या तोंडामुळे पडले होते, तेव्हा आधी मी. हे वाक्य मी फार धीरोदात्तपणे म्हणाले, असं मला तेव्हा वाटलं होतं. मग पदर खोचला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी खांब धरला आणि स्टूल पायाने सरकवलं.

चौऱ्याहत्तर किलो त्या खांबाला मिठी मारून लटकले. गिरकी वगैरे काही नाही. मी फक्त संथपणे खाली घसरत होते आणि साडी वर राहत होती. सलीमभाई सज्जन माणूस, ते फक्त रेघेकडे बघत होते.

"नुस्ती लोंबकळतीस काय," आक्का दारातून म्हणाल्या. "पाय उचल की. झोका घे."

पाय उचलला. झोका घेतला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग फरशीवर बसले. डॉक्टर तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळल्या होत्या, खांदे हलत होते.

"रेघ हलली न्हाई," सलीमभाईंनी सांगितलं.

"ती हलली की लई," आक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी खांब फडक्याने कोरडा पुसला, कपडे बदलून आल्या आणि वर गेल्या. 'चढल्या' म्हणवत नाही, इतकं ते सहज होतं. वर गुडघ्याच्या लवणीत खांब धरून त्यांनी हात सोडले, केस खाली, आणि तशाच एक गिरकी घेतली. मी फरशीवरून मान वर करून बघत होते. व्हिलनचा अड्डा काही आठवला नाही. आठवली ती झाडावर सरसर जाणारी शाळेतली मुलगी. आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून, जणू पडली तर झेलणार होत्या.

रविवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पाना घेऊन गेले, बोल्ट पुन्हा आवळायला म्हणून. बोल्ट आवळायला दोन मिनिटं लागली, मी संध्याकाळपर्यंत थांबले. पुण्याच्या मॅडमनी खांबावर टिचक्या मारल्या, हलवून पाहिला, स्वतः लटकल्या आणि विचारलं, कुठून मागवला? डॉक्टर म्हणाल्या, जुन्नरहून. डॉक्टर धरून सात बायका दिवसभर चढल्या-उतरल्या. दोघींच्या पोटऱ्या काळ्या-निळ्या झाल्या, पण ते या छंदात धरलेलंच असतं म्हणे. पडलं कुणी नाही.

पाहुण्या गेल्यावर आक्कांनी हॉल झाडून घेतला. सोमवारी सोयाबीनची पोती खालच्या पडवीतच राहिली. पुढे गावातल्या बायका बघायला यायच्या तेव्हा आक्का सरळ सांगायच्या, "सून नाचती. बघायचं तर चपला भाईर काढा." जे सांगायला मला भोसरीपर्यंत जाऊन यावं लागलं, ते त्या जिन्यातून सांगायच्या.

मी ऑर्डरबुकात एक रकाना वाढवला: 'यावर भार कशाचा येणार?' गिऱ्हाईक लाजलं तरी तो भरून घ्यायचा आणि वेल्डरला मोठ्याने वाचून दाखवायचा. शेड आता मुलगा बघतो, रकाना अजून आहे. मी लाजले म्हणून पाईप जाड होत नाही.