आकाश आलं की काढू

आकाशाशी इतकं उघड वैर धरलेला माणूस आमच्या आतोबांखेरीज उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. शेतकऱ्याचं आभाळाशी भांडण असतं, ते समजण्यासारखं आहे. पण आतोबांचा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याच्या यजमानांचा, शेतीशी काडीचा संबंध नव्हता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी, नाशिकरोडला दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही. तक्रार एकच, फोटोत आकाश पांढरं येतं. समोर ढगांचे नुसते ढीग दिसत असायचे आणि कागदावर मात्र धुतलेल्या चादरीसारखं कोरं. "हा शुद्ध अन्याय आहे," असं ते म्हणायचे, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, आभाळानं यांची बढती अडवलीय.

दुबईहून आलेल्या एका मित्राच्या मागे लागून लागून त्यांनी एक लेन्स मिळवली होती. वाइड, म्हणजे अशी-तशी वाइड नव्हे. साध्या कॅमेऱ्यात अर्धा डोंगर मावतो तिथे हिच्यात अख्खा डोंगर, त्याचा शेजारी, खालची वाडी आणि खाली बघितलं तर आतोबांच्या चपलांचे अंगठेसुद्धा मावत. पण तिचं भिंग बेडकाच्या डोळ्यासारखं पुढे आलेलं, त्यामुळे बाजारातला एकही फिल्टर त्यावर बसेना. आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत आकाश काळंभोर आणि ढग शुभ्र हवे असतील तर लाल फिल्टरवाचून गत्यंतर नाही. आतोबा उठले आणि सातपूरच्या एका लेथवाल्याकडून लाल काच धरणारी पितळेची रिंग करवून घेऊन आले. रिंग चांगली जाडजूड होती. इतकी, की लेन्सला तीच दिसायला लागली. प्रत्येक फोटोच्या चारही कोपऱ्यांत काळोख! आम्ही हसायला लागलो तर म्हणाले, "खिडकीतून बघतोय असं समजायचं. खिडकीला चौकट असतेच की!"

त्यांच्या घरी पाहुणा गेला की आंघोळीचे वांधे, कारण मोरीत फोटो धुणं चाललेलं. एकदा माझ्या वडिलांनी सबंध सकाळ टॉवेल खांद्यावर टाकून काढली होती. पण या सगळ्यावर कडी म्हणजे काच. काचेवर बोटाचा ठसा दिसला की आतोबांच्या जिवाची तगमग व्हायची. लोकांच्या नाकावरचे चष्मे काढून पुसून परत चढवायचे. आमच्याकडे आले की तसबिरींवर आईनं लावलेलं कुंकू बघून कळवळायचे. "वहिनी, काच आहे ती! असं बोट लावतात का काचेला?" आई तरी कुठली ऐकतेय! "देव काचेच्या मागे बसलाय, तिथवर माझं बोट कसं पोचणार? मग काचेलाच लावायचं," असं म्हणून ती त्यांच्यासमोर आणखी एक ठसठशीत टिकली उमटवायची. आतोबा खिशातला रुमाल मुठीत गच्च धरून बसत.

पिंपळगाव बसवंतला आत्याच्या चुलतदिराच्या मुलीचं लग्न होतं. द्राक्षबागेला लागून मोकळ्या रानात मांडव, आणि वर ढग तर असे आलेले की आतोबांना अक्षतांचं भान राहिलं नाही. लाल फिल्टर चढवला, मांडवावरचं आकाश टिपलं आणि मग नवरानवरीकडे वळून फिल्टर काढायला गेले, तर रिंग घट्ट बसलेली. रुमालानं धरून पिळून बघितली, आत्यानं पदरानं पिळून बघितली, नवऱ्याच्या मामानं तर दोन पायांत कॅमेरा धरून जोर लावला. ती ढिम्म हलेना. शेवटी आतोबांनी तसंच बटण दाबत सगळं लग्न लाल काचेतून उरकलं. पुढल्या आठवड्यात ते फोटो घेऊन नवरीच्या घरी गेले. जोर लावणारे मामा कोपऱ्यातल्या काळोखात गडप झाले होते, त्याचं कुणाला काही नव्हतं. नवरीचा लालभडक शालू पांढरा फटक आला होता आणि कपाळ मोकळं.

"अवं, पोरीचं कुंकू कुठं गेलं?" नवरीच्या आईनं छातीवर हात मारून घेतला. "लग्नाच्या दिवशीच पांढरं कपाळ! लय मोठा अपशकुन केला ओ भाऊ तुम्ही!"

"तसं नाही," आतोबा समजावायला लागले, "लाल काचेतून लाल रंग पांढराच दिसतो. हे शास्त्र आहे."

"तुमचं शास्त्र घाला चुलीत!"

आत्यानं नवरीला जवळ घेतलं, आपल्या कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावलं, चार गोड शब्द बोलली आणि प्रकरण मिटवलं. येताना एसटीत मात्र तिला हसू आवरेना. पुढे त्या भावकीतून लग्नाचं आमंत्रण यायचं ते "दोघांनी नक्की यावं, कॅमेरा घरी ठेवावा" अशा निरोपासकटच.

एवढं होऊनही आत्याची एक हौस होती. लग्नातला एक पिवळा पडलेला फोटो सोडला तर तिचा दुसरा फोटोच नव्हता. फोटोवाल्याची बायको आणि फोटो नाही! ती म्हणायची, "अहो, माझा एक काढा ना. मागे डोंगर घेऊन." आतोबा आढेवेढे घ्यायचे. "अगं, या लेन्सचं गणित वेगळं आहे. मध्ये उभी राहिलीस तर मुंगीएवढी दिसशील आणि कडेला राहिलीस तर म्हशीएवढी." "मुंगी चालेल," आत्या म्हणायची. मग ते वर बघायचे, डोळे बारीक करायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "आकाश आलं की काढू." मला भयंकर राग यायचा. डोंगरासाठी हा माणूस तासन्‌तास उन्हात उभा राहायचा, आणि त्याच्या लेन्सवर ऊन पडू नये म्हणून शेजारी छत्री धरून उभी कोण, तर आत्या! लेन्स एवढी वाइड, की तिची छत्री, नाहीतर पदर, नाहीतर कोपर, फोटोत कडेला यायचंच. "परत आलीस का मध्ये!" असं ते तिच्यावरच खेकसायचे आणि मोरीत बसून फोटोची तेवढी कड कापून टाकायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं सुरगाण्याकडे गेलो. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. जीपवाला घाटात थांबायला तयार नव्हता. "इथं काय नाय बघायला, निस्ता डोंगर हाय," असं म्हणत होता. आणि आकाश आलं. खरोखर आलं. असे ढग मी पुन्हा पाहिले नाहीत. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. तिनं केस सारखे केले, कुंकू नीट केलं आणि छत्री धरून उभी राहिली. आतोबा डोंगर काढत राहिले, काढत राहिले, आणि रोल संपला. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तोंड उतरलं त्यांचं. "पुढच्या वेळी नक्की," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "असू द्या हो. आकाश तर मिळालं ना तुम्हाला?"

पुढची वेळ आलीच नाही. त्याच थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेली. दिवसकार्याला फोटो ठेवायचा तर लग्नातल्या त्या पिवळ्या फोटोत चेहरा ओळखू येईना, आणि दुसरा घरात नाही. पाटावर नुसती समई ठेवली. आतोबा त्या पाटाकडे बघत होते, आणि मला त्यांचा राग करणंही जमेना.

नंतर कितीतरी दिवस ते मोरीत बसून होते. आयुष्यभराच्या निगेटिव्ह काढून प्रत्येकीची कड तपासत होते. छत्री सापडे, पदर सापडे, बांगड्या सापडत. आत्या सापडेना.

उन्हाळ्यात मी गेले तर भिंतीवर एक नवी तसबीर होती. सुरगाण्याचा डोंगर, काळंभोर आकाश, पांढरेशुभ्र ढग. कोपऱ्यात रिंगचा काळोख, आणि त्याला अगदी लागून आत्या. त्या एकाच क्षणी तिनं छत्री खाली घेतली असावी. कडेला असल्यामुळे चांगली म्हशीएवढी आली होती. डोंगराकडे नाही, ती आतोबांकडे बघत होती. कड कापलेली नव्हती. फक्त लाल काचेनं तिच्या कपाळावरचं कुंकू नेलं होतं.

आतोबा आंघोळ करून आले. कोनाड्यातला आत्याचा कुंकवाचा करंडा त्यांनी उघडला, बोट बुडवलं आणि सरळ काचेवर टेकवलं. कालचाही डाग तिथं होता, त्याच्या आधीचाही असावा. 

मी दाराशी उभी होते. तिथून ते कुंकू कपाळावर नव्हतंच. काच जाड, त्यामुळे बाजूनं बघणाऱ्याला ते सरकून शेजारच्या ढगांत गेलेलं दिसत होतं.

"तिथून नाही दिसायचं," आतोबा म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला आणि जिथं रोज ते स्वतः उभे राहत असतील तिथं मला आणून उभं केलं. "इथून बघ. आता आलं बघ नीट."

मी बघितलं. आत्याच्या कपाळावर कुंकू होतं.