शालूच्या दुर्बिणीला हात लावणारे पाहुणे

बायांनो, आज दुपारी कट्टा गावाहून माझ्या नातीला, शालूला, बघायला पाहुणे आले होते. शालू मुंबईला गणित शिकते. सुट्टीत घरी आल्यापासून ओसरीवर दुर्बीण बांधते आहे.

तिच्या दुर्बिणीतले दोन्ही आरसे मुद्दाम तिरके आहेत. समोरासमोर लावले तर दुसरा आरसा वाटेत येऊन पहिल्याचा उजेड अडवतो. कुठला किती कलवायचा, ते बघायला तिने माडाच्या हिरांचे, म्हणजे झावळीच्या काड्यांचे, बाण करून जमिनीवर मांडले. उजेड कुठून येतो, आपटून कुठे वळतो, सगळं दिसलं. मग कागदावर गणित. मी तिसरी नापास, तरी मला समजलं.

नवऱ्या मुलाच्या काकाला कशाला समजतंय! आम्ही चहा करायला आत गेलो, तेवढ्यात ह्या दीडशहाण्याने स्क्रू पिळून दोन्ही आरसे सरळ केले.

"आजी, तुमच्या चेडवान आरसे वाकडे लायल्यान हुते. मी सरळ केलंय!" वर मिशीवरून हात.

शालूचा चेहरा उतरला. "काका, विचारायचं तरी!"

"लग्नानंतर तुका दुर्बीण कित्याक व्हयी गो?" म्हणून तो हसला.

मी नवऱ्या मुलाकडे बघितलं. तो खाली मान घालून लाडू खात होता.

मी त्यालाच म्हटलं, "झिला, लाडू खावन झालो? मगे उठ. कट्ट्याची गाडी चुकात."

आता माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. चांगलं स्थळ घालवलंस म्हणतो. तुम्हीच सांगा, काकाला "हात लावू नका" एवढंही ज्याच्या तोंडून निघत नाही, त्याच्या हाती पोर द्यायची?